पेंग्विनांच्या निशाणीचा छापखाना

सहा फूट बाय सात फूट. एवढ्या जागेत दोन माणसांच्या झोपायच्या फळ्या, एक मोठं शिलाई मशीन आणि वर एक अख्खा छापखाना. छपाईच्या खिळ्यांच्या आणि शाईच्या धंद्यात उभं आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला ही मापं वाचून आधी हसू येतं, मग घाम फुटतो. सांगलीतला आमचा छापखाना काही राजवाडा नव्हता. ट्रेडल यंत्र चालू असलं की पलीकडच्या खिळ्यांच्या केसपाशी जायला अंग चोरावं लागे. पण दार उघडलं की गल्ली होती, समोर चहावाला होता. या छापखान्याचं दार उघडलं की बाहेर चार महिन्यांची रात्र होती.

जागा अंटार्क्टिकातल्या रॉस बेटावरचं केप रॉइड्स, साल 1908. अर्नेस्ट शॅकल्टनच्या मोहिमेतली पंधरा माणसं तेहतीस फूट लांब आणि एकोणीस फूट रुंद लाकडी घरात राहत होती. पाठीशी एरेबस हा जागृत ज्वालामुखी. त्यांना सोडून ‘निम्रॉड’ जहाज 22 फेब्रुवारीला परतलं, ते पुढच्या उन्हाळ्यातच येणार होतं. एप्रिलच्या अखेरीस मावळलेला सूर्य ऑगस्ट निम्मा उलटल्यावर दिसायचा. त्या मुक्कामात या मंडळींनी ‘ऑरोरा ऑस्ट्रॅलिस’ नावाचं सुमारे एकशेवीस पानांचं पुस्तक लिहिलं, खिळे जुळवून छापलं, त्यात चित्रं घातली आणि बांधलंही. सगळं काम त्या खंडावरच झालेलं हे पहिलं पुस्तक. प्रकाशनाच्या जागी छापलं आहे: पेंग्विनांच्या निशाणीखाली. जुन्या लंडनमध्ये दुकानांवर पाट्यांऐवजी निशाण्या टांगलेल्या असत, त्याची ही थट्टा. तिथे गिऱ्हाईक म्हणून खरोखर पेंग्विनच होते.

लांबलचक हिवाळा कलेच्या मदतीने काढायची युक्ती शॅकल्टनची नव्हे. ती ब्रिटिश आरमारात आधीच नव्वदेक वर्षं मुरलेली होती. 1819 साली विल्यम एडवर्ड पॅरीची ‘हेक्ला’ आणि ‘ग्रायपर’ ही दोन जहाजं उत्तर कॅनडातल्या मेल्व्हिल बेटापाशी हिवाळ्याच्या मुक्कामाला थांबली. 4 नोव्हेंबरला सूर्य गेला आणि 5 नोव्हेंबरला ‘हेक्ला’च्या डेकवर नाटक झालं. डेव्हिड गॅरिकचं प्रहसन होतं. स्त्रीपार्टी अर्थातच अधिकाऱ्यांपैकीच कोणीतरी केली, आणि तीही गोठणबिंदूच्या खाली गेलेल्या थंडीत, पातळ पोशाखात. आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं ते 1843 साली. त्याच्या चोवीस वर्षं आधी बर्फात रुतलेल्या जहाजावर पडदा वर जात होता, हे वाचल्यापासून मी सांगलीचा अभिमान थोडा हात राखून मिरवतो.

पॅरी वस्ताद माणूस. नाटक पंधरवड्याला एक, आणि मधल्या दिवसांसाठी एडवर्ड सॅबिनच्या संपादनाखाली हस्तलिखित साप्ताहिक. न लिहिणाऱ्यांची त्यात नावं न घेता टिंगल होई. दिवाळी अंकाच्या संपादकांनाही हा उपाय सुचायला हरकत नव्हती. बाहेर वादळ असलं की खलाशांना डेकवरच गोल पळवायचं आणि पळताना हँडऑर्गन वाजवायचा. स्कर्व्ही होऊ नये म्हणून पॅरी आपल्या केबिनमध्ये शेगडीच्या नळीवर मोहरी आणि हळीव उगवत असे. मला हा तपशील नाटकापेक्षा मोठा वाटतो. कला आणि हिरवा पाला त्याने एकाच यादीत धरले होते.

1850 पासून उत्तरेत हरवलेल्या फ्रँकलिनला शोधायला जी जहाजं गेली, त्यांतल्या काहींवर छापखानेही होते. त्यांचं काम वेगळंच होतं. निरोपाचे कपटे छापायचे, ते फुग्यांना बांधून सोडायचे, म्हणजे फ्रँकलिनच्या माणसांच्या हाती एखादा तरी लागेल. फ्रँकलिनच्या माणसांनी ते वाचले नाहीत. ती माणसं उरलेलीच नव्हती. हिवाळा आला आणि त्याच छापखान्यांवर नाटकांच्या जाहिराती छापल्या जाऊ लागल्या, काही तर रेशमावर. रेशमावर छापणं किती किचकट असतं ते मी जाणतो. लग्नात वाटायची मंगलाष्टकं आम्ही साटिनवर छापत असू. कापड दाबाखाली सरकतं, शाई धाग्यात पसरते आणि नेमकं वराचं नाव फुगतं.

दक्षिणेत हिवाळा काढणं ही मात्र पुष्कळ नंतरची गोष्ट. तिथे पहिला हिवाळा काढला तो ‘बेल्जिका’ जहाजाने, 1898 साली, आणि बर्फात अडकून पडल्यामुळे. सूर्य सत्तरेक दिवस गायब. एक अधिकारी हृदयविकाराने गेला, एका खलाशाचं डोकं फिरलं, बाकीचे निस्तेज होऊन पडून राहिले. त्या जहाजावर वाचायला पुस्तकं होती. डॉक्टर फ्रेडरिक कुकने माणसांना वाचवलं ते पेंग्विन आणि सीलचं ताजं मांस खायला लावून, आणि शेगडीच्या धगीसमोर तासन्‌तास बसवून. साहित्याने हिवाळा तरून जातो असं कोणी भाबडेपणाने सांगू लागलं की मला ‘बेल्जिका’ आठवते. पोटात जीवनसत्त्व नसेल तर कपाटातला कवी काय करणार?

शॅकल्टनचा पहिला हिवाळा 1902 चा, स्कॉटच्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेतला. तिथे ‘साउथ पोलर टाइम्स’ हे मासिक तो संपादित करी. जहाजाच्या तळघरात सामानाच्या खोक्यांमध्ये त्याची कचेरी. मजकूर टाइपरायटरवर उतरवायचा आणि एडवर्ड विल्सन त्यात हाताने चित्रं काढायचा. प्रत एकच, ती सगळ्यांत फिरायची. साहित्य इतकं आलं की साभार परत करायची पाळी आली. नाराज लेखकांसाठी ‘ब्लिझर्ड’ नावाचा दुसरा अंक काढावा लागला, तो एकदाच निघाला. शेकडो मैलांत दुसरा माणूस नाही आणि तरी साहित्यात गटबाजी!

तिथेच शॅकल्टनच्या एक गोष्ट ध्यानात आली असावी असा माझा तर्क आहे. एकच प्रत काढली तर संपादक, चित्रकार आणि टाइप करणारा हे तिघे गुंततात. बाकीचे वाचतात, हसतात आणि तासाभरात पुन्हा छताकडे बघत पडतात. वाचनाने संध्याकाळ निघते. चार महिने काढायचे तर असं काहीतरी हवं जे आज संपत नाही, उद्या पुन्हा हातात घ्यावं लागतं आणि चुकलं तर परवा सुधारावं लागतं. धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. एका पानाला जास्तीत जास्त तास लावायचे असतील तर ते खिळ्यांनी जुळवावं.

म्हणून स्वतःची मोहीम काढताना त्याने लंडनच्या जोसेफ कॉस्टन आणि सन्स या मुद्रकांकडून हातयंत्र, खिळे, कागद असं सगळं बाडबिस्तर मिळवलं. त्यांनी ते विनामूल्य दिलं. अर्नेस्ट जॉइस आणि फ्रँक वाइल्ड या दोघांना निघण्यापूर्वी जुळणी आणि छपाई शिकवली, तर चित्रकार जॉर्ज मार्स्टनला एचिंग आणि शिळाछपाई. जॉइस आणि वाइल्ड दोघे आरमारातले खलाशी, दोघेही ‘डिस्कव्हरी’वर होते. म्हणजे दोरखंडाच्या गाठी मारलेले हात. शॅकल्टनने पुढे लिहिलं की ते कसलेले कारागीर झाले नव्हते, कामापुरतं समजत होतं. हे सौम्य शब्दांत लिहिलं आहे. नवशिका जुळारी म्हणजे काय असतं ते आमच्या अण्णांना विचारायला हवं होतं. अण्णा आमचे सर्वांत जुने जुळारी. नव्या पोराला ते पहिले कितीतरी दिवस जुळणीच्या स्टिकला हातच लावू देत नसत. जमिनीवर सांडलेले खिळे वेचायचे आणि आपापल्या खान्यात टाकायचे, एवढंच काम. त्याशिवाय केस बोटांना पाठ होत नाही, म्हणत.

त्या घरात कापडी पडद्यांनी केलेल्या खोल्या होत्या, दोघादोघांच्या. जॉइस आणि वाइल्डच्या खोलीच्या पडद्यावर मार्स्टनने बिअर पिणारे दोन टगे रंगवले होते आणि खाली लिहिलं होतं: बदमाशांचा अड्डा. छापखाना या अड्ड्यातच. मार्स्टनने आपल्या स्वतःच्या पडद्यावर पेटलेली शेकोटी काढली होती आणि तिच्या वरच्या फळीवर फुलांचा गुच्छ. पुस्तकातल्या छापील चित्रांपेक्षा मला हा पडदा जास्त बघावासा वाटतो. अख्ख्या बेटावर फूल तर सोडाच, हातभर उंचीचं झाडही नव्हतं.

आता थोडं कामाकडे. थंडीत छपाईचा पहिला शत्रू शाई. जवसाच्या तेलातली शाई गारठली की जुन्या गुळासारखी बसते, रुळाला चिकटते पण पसरत नाही. आमच्याकडे डिसेंबरातल्या पहाटे हीच रड. तेव्हा रूळ सरस आणि काकवीचे ओतलेले असत. उन्हाळ्यात ते विरघळायला बघत आणि थंडीत दगड होत. अण्णा शाईचा डबा चहाच्या स्टोव्हशेजारी ठेवत, रूळ घोंगडीत गुंडाळत. केप रॉइड्सला उपाय हाच होता, फक्त कितीतरी जास्त नेटाचा. शाई पसरायच्या पाट्याखाली पेटती मेणबत्ती आणि खिळ्यांच्या केसखाली दिवा. केसखाली दिवा का, हे थंडगार शिसं बोटांनी तासन्‌तास उचललेल्या माणसाला कळेल. खिळा बारीक असतो. तो चिमटीत धरायचा, त्याची खाच बोटाला लागली पाहिजे, तरच तो सुलटा की उलटा ते न बघता समजतं. बोटं बधिर झाली की खाच कळत नाही. मग प्रत्येक खिळा डोळ्यांनी बघायचा, म्हणजे वेळ तिप्पट.

दुसरा शत्रू धूळ. शेगडीची काजळी आणि बेटावरची ज्वालामुखीची बारीक भुकटी पंधरा जणांच्या बुटांबरोबर आत यायची. छापताना कागदावर एक कण बसला की तिथे पांढरा ठिपका. तिसरा त्रास दाबाचा. दाब कुठे जास्त, कुठे कमी. पानाचा एक कोपरा काळाकुट्ट आणि दुसरा फिका. हे सुरुवातीला त्यांना फार छळत होतं, मग हात बसला.

आणि शेवटी ते काम, ज्याचं कौतुक कोणत्याही पुस्तकाच्या प्रस्तावनेत होत नाही. पान छापून झालं की त्याचे खिळे सुटे करून एकेक आपापल्या खान्यात परत टाकायचे, कारण पुढचं पान त्याच खिळ्यांतून उभं राहायचं. तासांची जुळणी, थोडा वेळ छपाई आणि मग पुन्हा तास खिळे परत टाकण्यात. पहिल्या दोनतीन आठवड्यांनंतर कुठे जॉइस आणि वाइल्डला दिवसाला दोन पानं जमू लागली. एकशेवीस पानं, दिवसाला दोन, म्हणजे साठ दिवस निव्वळ छपाईचे, काही बिघडलं नाही तर. प्रती शंभराच्या आतबाहेर. आमच्या हिशेबाने हा धंदा पहिल्याच पानाला बुडीत. त्यांच्या हिशेबाने नेमका हाच नफा होता.

मार्स्टनची कथा वेगळी. शिळाप्रेसचं तत्त्व असं की पाणी आणि तेल एकमेकांना दूर ठेवतात. ओल्या जागी शाई लागत नाही. शिळेचं ओझं अंटार्क्टिकाला कोण नेणार, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे. त्यांच्यासाठी योग्य यंत्र नव्हतं, एचिंगच्या यंत्रावरच भागवावं लागलं. त्यात तिथल्या सगळ्या पाण्यात मिठाचा अंश, आणि मीठ पत्र्याला खातं. म्हणजे चित्र काढून झाल्यावर ते छापायच्या आधीच बिघडू लागायचं. तरीही त्याने ती चित्रं छापली. मूळ प्रत माझ्या हाती पडायचा योग नाही, पण तिची हुबेहूब प्रतिकृती काढलेली आहे. जुळणीत शब्दांमधली जागा इकडेतिकडे होते हे खरं. तरी नवशिक्यांचं काम म्हणून नाक मुरडावं असं काही नाही. उलट काही समासांची मोजणी आमच्या काही दिवाळी अंकांपेक्षा सरस आहे.

मजकूर बरावाईट आहे, आणि तसा असायला माझी हरकत नाही. प्रोफेसर एजवर्थ डेव्हिड यांनी एरेबसच्या चढाईवर लिहिलं आहे. ती चढाई त्याच मार्चमध्ये झाली होती आणि 10 तारखेला ते ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचले होते. शॅकल्टनने टोपणनावाने कविता घातल्या. वाइल्डने जुन्या पोथीच्या थाटात मोहिमेची विनोदी बखर लिहिली आणि ती स्वतःच जुळवलीही. लेखक आणि जुळारी एकच असला की प्रुफात भांडण कोणाशी करायचं, हा प्रश्नच मिटतो. भांडी घासण्याच्या पाळीवर एक लेख आहे, घोड्यांच्या रात्रपहाऱ्यावर एक आहे. बरेच विनोद त्या पंधरा जणांपुरतेच होते. आज ते समजून घ्यायला टिपा लागतात, आणि टीप लागलेला विनोद मेलेलाच असतो.

एक कथा मात्र खरी चांगली आहे. मोहिमेतल्या डग्लस मॉसनची ‘बॅथिबिया’. त्यात काही मंडळी ध्रुवीय प्रदेशातल्या एका प्रचंड विवरात उतरत जातात. जसजसं खाली जावं तसतशी हवा उबदार होते, आणि तळाशी सापडतो अवाढव्य बुरशीचा आणि राक्षसी किड्यांचा दमट प्रदेश. हे किडे मॉसनने हवेतून आणले नव्हते. त्याच घरात जेम्स मरे हा जीवशास्त्रज्ञ गोठलेल्या तळ्यांतले सूक्ष्मजीव भिंगाखाली बघत होता. बर्फात गोठून पडलेले आणि वितळल्यावर पुन्हा हलू लागणारे जीव त्याला मिळाले होते. मॉसनने त्या केसाएवढ्या जीवांना माणसाहून मोठं केलं आणि त्यांना हवी तेवढी ऊब दिली. बाहेर काळोख, अंगावर लोकरीचे थरावर थर, आणि माणूस लिहितो कशाबद्दल, तर घाम येईल अशा जंगलाबद्दल. शेवटी ते सगळं स्वप्न निघतं. शेवट जरा फुसका आहे. पण पूर्ण पुस्तकात थंडीला सर्वांत सरळ उत्तर दिलं आहे ते याच कथेने.

बांधणी बर्नार्ड डे याच्याकडे. हा मोहिमेचा मोटार मेकॅनिक. अंटार्क्टिकावर नेलेली पहिली मोटार त्याच्या ताब्यात होती आणि ती बर्फात फारशी चालत नव्हती, त्यामुळे त्याला वेळ होता. पुठ्ठे त्याने शिधा भरून आणलेल्या खोक्यांच्या फळ्यांपासून केले. व्हेनेस्टा नावाचं ते लाकूड, पातळ थर चिकटवून बनवलेलं, आजच्या प्लायवुडचं भावंड. त्याने फळ्या साफ केल्या, रंधा मारला, घासून चकचकीत केल्या आणि पाठीला चामडं लावलं. खोक्यांवर आतल्या मालाची नावं उमटवलेली होती. काही पुठ्ठ्यांवर ती आतल्या बाजूला तशीच राहिली. त्यामुळे आज या पुस्तकाच्या प्रती ओळखल्या जातात त्या ‘लोणी’, ‘आयरिश स्ट्यू’, ‘ओटमील’ अशा नावांनी. जगातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांच्या तिजोऱ्यांत अशी ‘लोणी’ जपून ठेवलेली आहेत. पुस्तक बांधून बाजारात गेल्यावर त्याचा रद्दीत पुडा बांधला जाताना मी पुष्कळदा पाहिला आहे. इथे पुड्याचं पुस्तक झालं.

हिवाळा संपला तेव्हा शॅकल्टनने लिहिलं की ध्रुवाकडच्या मुक्कामात जे कंटाळ्याचं भूत मानगुटीवर बसतं, ते त्यांच्या घरात फिरकलंच नाही, आणि त्याचं बरंच श्रेय छापखान्याला आहे. काही श्रेय मी चांगल्या शेगडीला, सीलच्या मांसाला आणि शॅकल्टनच्या स्वभावालाही देईन. उन्हाळ्यात तो, वाइल्ड आणि आणखी दोघे दक्षिणेकडे निघाले आणि 9 जानेवारी 1909 ला ध्रुवापासून सुमारे एकशेऐंशी किलोमीटरवरून मागे फिरले, कारण पुढे गेले असते तर परत आले नसते. डेव्हिड, मॉसन आणि त्यांचा सोबती मॅके दक्षिण चुंबकीय ध्रुवापर्यंत जाऊन आले. मोहिमेच्या इतिहासात ही पानं मोठ्या टाइपात असतात आणि छापखान्याला एखादा परिच्छेद मिळतो.

या परंपरेतला सर्वांत कठीण अंक मात्र छापखान्यातून निघालाच नाही. स्कॉटच्या शेवटच्या मोहिमेत, केप रॉइड्सपासून दक्षिणेला काही मैलांवरच्या केप इव्हान्सला, 1911 साली ‘साउथ पोलर टाइम्स’ पुन्हा सुरू झालं होतं. संपादक अ‍ॅप्सली चेरी-गॅरार्ड. 1912 चा हिवाळा आला तेव्हा घरात तेरा माणसं उरली होती. स्कॉट आणि त्याचे चार सोबती ध्रुवाहून परतले नव्हते. ते आता जिवंत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, प्रेतं सापडायची होती. मासिकाचा जुना चित्रकार विल्सन त्या पाचांतच होता. त्या हिवाळ्यात चेरी-गॅरार्डने अंक काढला. लेख मागितले, टाइप केले, चित्रं काढून घेतली, आणि तेरा वाचकांसाठी एक प्रत तयार झाली. तिची छपाई व्हायला 2010 साल उजाडलं.